पुराचं पाणी उतरल्यावर: भिजलेलं लाकूड फेकायचं की ठेवायचं?



आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या घरातून आपण बहुतेक वेळा चुकीची वस्तू फेकतो आणि चुकीची वस्तू जपून ठेवतो. फुगलेलं, काळं पडलेलं, सांध्यांतून सुटलेलं जुनं सागवान भंगारात जातं आणि वरून धडधाकट दिसणारं सनमायकाचं शोकेस पुसून परत भिंतीला लागतं. व्हायला हवं नेमकं उलट. असं का, आणि वाचलेल्या लाकडाचं पुढे काय करायचं, एवढंच आज बोलू.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. चार पावसाळ्यांपूर्वी जबलपुरात आमच्या गल्लीत रात्री नाल्याचं पाणी चढलं. घरात अडीच फूट पाणी होतं, सकाळी नऊपर्यंत उतरलं. मागे राहिला चिखल आणि सासूबाईंचा चेहरा. त्यांचं देवघर पाण्यात होतं. सागवानी, दोन झडपांचं, त्यांच्या सासऱ्यांनी करवून घेतलेलं. त्याशिवाय एक सागवानी कपाट, पलंग, शिसवी खुर्ची, आंब्याच्या फळ्यांची मांडणी आणि आम्ही हौसेनं घेतलेलं नवं शोकेस.

मी काय केलं? तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, तेव्हा देवघर उचलून गच्चीवर ठेवलं. 'लवकर वाळेल' एवढाच विचार. दुपारी वरून काठी मोडल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहिलं तर एक झडप वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती. त्याच दिवशी कपाटाची दोन दारं, फुगून काळी पडली म्हणून, मी कबाडीला देऊन टाकली. आणि शोकेस मात्र दोन महिने पंख्याखाली वाळवलं. दिवाळीत त्यावर समया ठेवल्या, तर फळी मधोमध खचली.

नंतर ज्या मिस्त्रींना बोलावलं ते सत्तरी ओलांडलेले. वडील इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत सुतारकामाला होते. हा कारखाना १९०४ सालचा. तोफगाड्यांची चाकं त्या काळी लाकडाची असत आणि चाकाला कच्चं लाकूड चालत नाही, त्यामुळे लाकूड वाळवण्याची शिस्त या माणसाला घरातूनच मिळालेली. त्यांनी झडपेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाभीजी, ये लकड़ी पानी से नहीं, धूप से मरी है."

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला वर्ष लागलं. तुम्हाला वीस मिनिटांत सांगायचा प्रयत्न करते.

लाकडाला पाणी नवीन नाही

झाड उभं असतं तेव्हा त्याच्या लाकडात पाणी भरलेलंच असतं. काही जातींत तर सुक्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त. म्हणजे लाकूड जन्मतः ओलं असतं, आपण त्याला वाळवून वापरतो. वाळताना आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं. तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की पेशींच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि मग आकसणं सुरू होतं. घरात वापरलेलं जुनं लाकूड साधारण १० ते १५ टक्क्यांवर स्थिरावलेलं असतं. पुरात ते परत वर चढतं आणि फुगतं.

फुगण्याचीही एक तऱ्हा आहे. लांबीत लाकूड जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यातही वर्षवलयांच्या दिशेनं जितकं वाढतं, त्याच्या जेमतेम निम्मं गाभ्याकडून सालीकडे वाढतं. म्हणून फळी नुसती फुगत नाही, तिला बाक येतो, पीळ पडतो. दहा इंच रुंद फळी पाव इंचभर सहज वाढते. चौकटीत तेवढी जागा नसते, म्हणून दार अडकतं, ड्रॉवर निघत नाही, सांधे सुटतात. हे पाहून आपण म्हणतो, लाकूड गेलं. लाकूड गेलेलं नसतं, ते तात्पुरतं मोठं झालेलं असतं.

मग कुजतं कधी? कुजवणारी बुरशी ही जिवंत गोष्ट आहे. तिला ओलावा लागतो, हवा लागते आणि ऊब लागते. ओलावा २० टक्क्यांखाली असेल तर ती वाढत नाही. लाकूड पूर्ण पाण्यात बुडालेलं असेल तर हवा मिळत नाही, तेव्हाही ती फारशी वाढत नाही. तिचं राज्य मधल्या जागेत: ना धड कोरडं, ना धड बुडालेलं. चिखल लागलेला पलंगाचा पाय ओल्या भिंतीला टेकून महिनाभर उभा राहिला, की तिला हवं ते सगळं मिळालं.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. बांबू कापल्यावर तो तळ्यात किंवा ओढ्यात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायची रीत सगळीकडे आहे. पाण्यानं त्यातला गोडवा, म्हणजे साखर आणि पिष्ट, धुऊन निघतं आणि भुंगेऱ्यांना खायला उरत नाही. लाकडाचे ओंडकेही असेच पाण्यात ठेवत. लाकूड वखारींमध्ये आजही ओंडके तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारत राहतात. विहिरीच्या तळाशी बांधकामाखाली जांभळाच्या लाकडाचं कडं बसवायची पद्धत उत्तर आणि मध्य भारतात होती. ते पिढ्यान्‌पिढ्या पाण्याखाली राहतं, कारण कायम पाण्याखालीच असतं.

एक दूरचं उदाहरण देते, कारण त्यात आपल्याही आठवणीतलं एक साल येतं. स्वीडनचं वासा नावाचं युद्धजहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं. ३३३ वर्षांनी, एप्रिल १९६१ मध्ये ते वर काढलं. तिथल्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी समुद्रातली अळी तग धरत नाही, म्हणून ओकचं ते जहाज जवळपास अख्खं मिळालं. आणि खरी भीती तिथून पुढे होती. उघड्यावर वाळू दिलं असतं तर ते आकसून, तडकून गेलं असतं. म्हणून १७ वर्षं त्यावर मेणासारख्या एका रसायनाचा फवारा मारत राहिले आणि त्यानंतर कित्येक वर्षं हळूहळू वाळवलं.

त्याच वर्षी १२ जुलैला पुण्यात पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांत वाड्यांच्या मातीच्या भिंती बसल्या. पुण्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो चिखल अजून डोळ्यांसमोर असतो. त्यानंतर २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण, २०२३ मध्ये नागपूर. घरात पाणी शिरणं ही आता कुणा एका नदीकाठची गोष्ट राहिलेली नाही. तुमचं आमचं देवघर म्हणजे काही वासा जहाज नव्हे, पण नियम तोच: भिजल्यानं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त घाईनं वाळवल्यानं बिघडतं.

आधी ओळख, मग निवड

पाणी उतरलं की पहिल्या दोन दिवसांत निवड करायची असते. पण निवडण्याआधी वस्तू कशाची आहे ते कळायला हवं. वर सनमायका किंवा रंग असेल तर बाहेरून कळत नाही. बिजागरी काढा आणि स्क्रूच्या भोकात बघा, किंवा दाराची खालची कड बघा.

कडेला पातळ थर एकावर एक दिसले तर ते प्लायवूड. भुसा किंवा चुरा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. पुठ्ठ्यासारखं एकजीव, गुळगुळीत दिसलं तर एमडीएफ. आणि फळीच्या वरच्या रेघा टोकापर्यंत येऊन टोकाला वलयांचे तुकडे दिसले, तर ते अख्खं लाकूड.

पार्टिकल बोर्ड आणि साधं एमडीएफ भिजलं की विषय संपला. त्यातला चुरा गोंदानं धरलेला असतो. पाण्यानं तो फुगतो, धरण सुटते आणि वाळल्यावर परत बसत नाही. वरचा कागद किंवा सनमायका शाबूत राहतो, म्हणून ते बरं दिसतं. आमचं शोकेस असंच होतं. त्यावर वेळ घालवू नका, काच आणि बिजागऱ्या काढून घ्या आणि द्या.

प्लायवूडचं उत्तर मधलं आहे. साधं घरगुती प्लाय आणि पाणी सोसणारं प्लाय यात फरक असतो. मागच्या शिक्क्यावर आयएस ७१० असेल तर ते मरीन प्लाय, उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारं, बहुधा वाचेल. आयएस ३०३ असेल तर शिक्क्यात पुढे बीडब्ल्यूआर की एमआर ते पाहा. बीडब्ल्यूआर बऱ्यापैकी टिकतं, एमआर नुसती दमट हवा सोसतं, बुडणं नाही. प्लायमध्ये पाणी कडेनं आत शिरतं, म्हणून कडा फुगलेल्या आणि मधला भाग चांगला असं पुष्कळदा होतं.

अख्ख्या लाकडातही जात बघायची. सागवानाचा गाभा, शिसव, साल, बिजा ही टिकाऊ मंडळी. सालाला आमच्याकडे सरई म्हणतात, मंडला-दिंडोरीकडची ती मोठी जंगलं. आंबा, सावर, खोकी करायचं हलकं लाकूड ही नाजूक मंडळी, त्यांना बुरशी आणि किडा लवकर धरतो. सागवानातसुद्धा फक्त गाभा टिकाऊ. बाहेरचा फिकट पांढरा पट्टा, सालीजवळचा, तो आंब्याइतकाच कच्चा. जुन्या वस्तूत कूज दिसली तर आधी तिथेच दिसेल.

कूज ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. जाड सुई किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि संशय येईल तिथे दाबा. चांगलं लाकूड अडवतं. कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं टोक आत जातं. बोटांच्या पेरांनी वाजवा: चांगल्याचा आवाज खणखणीत, कुजलेल्याचा बद्द. पलंगाचे पाय, दाराची खालची वीतभर पट्टी, चौकटीचं जमिनीतलं टोक, या तीन जागा आधी तपासा. बाकी सगळं चांगलं असतं आणि तेवढंच गेलेलं असतं, असं पुष्कळ वेळा दिसतं.

धुणं आणि वाळवणं

घरात आलेलं पाणी नर्मदेचं असो वा कृष्णेचं, घरात येईपर्यंत त्यात गटार मिसळलेलं असतं. हातमोजे घाला. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं धुवा, वाळलेला चिखल खरवडताना लाकडावर ओरखडे उठतात आणि धूळ नाकात जाते. मऊ ब्रश, साधा साबण, मग ओल्या फडक्यानं पुसणं. बुरशीचे डाग कोरड्या ब्रशनं घासू नका, ती सगळीकडे उडते. तोंडाला मास्क लावा आणि ओल्या फडक्यानंच पुसा. दमा असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

स्वयंपाकघरातल्या लाकडी वस्तू, म्हणजे पोळपाट, लाटणं, रवी, उलथणी, या गटारमिश्रित पाण्यात गेल्या असतील तर परत अन्नाला लावू नका. पोळपाट कितीही आवडता असला तरी. त्याचं दुसरं काही करता येईल, ते पुढे सांगते.

अडकलेला ड्रॉवर, बसलेलं दार ओढून उघडू नका. मागची पाठ काढता आली तर काढा, आत हवा जाऊ द्या. वाळल्यावर ते आपोआप सुटतं. ओढलं तर सांधा तुटतो, आणि तो तुटलेला सांधा पाण्याच्या नाही, आपल्या नावावर जातो.

आता वाळवणं. ऊन नाही, हीटर नाही. सावली आणि वारा. उन्हात फळीची वरची बाजू आधी सुकून आकसते, आतली अजून फुगलेलीच असते. ओढाताण होते आणि फळी चिरते. आमची झडप अशीच गेली. सुट्या फळ्या एकावर एक रचा, पण मध्ये दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवा. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत. म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी सारखी फिरते. वर विटा किंवा फरशी ठेवून वजन द्या, म्हणजे बाक येत नाही. जमिनीपासून वीतभर उंच. फळ्यांची दोन्ही टोकं सगळ्यात लवकर सुकतात, म्हणून तिथे मेण किंवा रंगाचा हात मारला तर टोकं तडकत नाहीत.

किती दिवस? नवीन कापलेल्या लाकडाला हवेत वाळायला इंचभर जाडीला वर्षभर, असा जुना ढोबळ हिशेब आहे. आपलं लाकूड एकदा वाळून मुरलेलं असतं आणि पाण्यात काही तासच राहिलेलं असतं, त्यामुळे एवढा वेळ लागत नाही. पण जबलपूरसारख्या ठिकाणी पावसाळी हवा स्वतःच दमट असते, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. अंदाज नको असेल तर वजन करा. प्रवासाची बॅग तोलायचा छोटा काटा घ्या, एक फळी दर रविवारी टांगा आणि वजन लिहून ठेवा. तीन रविवार वजन सारखं आलं की फळी वाळली. मिस्त्रींनी सांगितलेली ही युक्ती मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली.

वाळल्यावर बुरशी आणि किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाणी लावा. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ३० ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, आणि २० ग्रॅम बोरिक पावडर. ब्रशनं दोन हात, मग परत वाळवणं. हे पाण्यानं धुऊन जातं, म्हणून घरातल्याच वस्तूंना उपयोगी. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दोन डाग लोकांना उगाच घाबरवतात. एक, पॉलिशवरचा दुधाळ पांढरा डाग. जुन्या सामानाला लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश असतं. पळस-कुसुमावरची ही लाख आमच्या सिवनी-बालाघाट भागातही पिकते. लाखेत ओलावा अडकला की ती पांढरी दिसते. लाकूड वाळल्यावर स्पिरिटनं ओलसर केलेलं फडकं हलकेच फिरवलं की बहुतेक जातं. दुसरा, खिळ्यांभोवतीचा निळसर काळा डाग. लाकडातल्या तुरट द्रव्याची आणि लोखंडाची पाण्यात गाठ पडली की तो रंग होतो. ती कूज नाही. जुनी शाई अशीच करत. डाग राहू द्या किंवा गडद पॉलिश करा.

आणखी एक चांगली बातमी. फार जुन्या सामानाचे सांधे सरसानं जोडलेले असतात. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो सरस पाण्यानं विरघळतो, म्हणून पुरात खुर्ची अक्षरशः सुटी होते. बघताना वाटतं, संपलं. पण सांधे तुटलेले नसतात, नुसते सुटलेले असतात. जुना सरस कोमट पाण्यानं पुसा, वाळवा, नवा लावा, शिकंज्यात धरा. आमची शिसवी खुर्ची अशी परत उभी राहिली.

वाचलेल्या लाकडाचं काय करायचं

माझा क्रम असा आहे: आधी होती तीच वस्तू परत होते का बघायचं, नाही तर त्यातून लहान वस्तू करायची, नाही तर तुकडे जपायचे.

पलंगाचे पाय खालून तीन-चार इंच कुजले असतील तर चारही पाय सारखे कापा. पलंग बुटका होतो, दिवाण म्हणून बसायला छान. आम्ही पायांखाली संगमरवराचे तुकडे ठेवले. भेडाघाटला मूर्ती करणाऱ्यांकडे असे उरलेले तुकडे मिळतात. तुमच्याकडे कडाप्पा मिळेल, शहाबादी मिळेल. लाकूड आणि ओली जमीन यांच्यात दगड आला की खालून ओल चढत नाही.

दाराची खालची पट्टी गेली असेल तर तेवढी कापा. साडेसहा फुटांचं दार पाच फुटांचं झालं तरी त्यातून अभ्यासाचं टेबल होतं, दोन खिडक्यांची झडपं होतात. चौकटीचे जाड तुकडे बाकाला चालतात. कपाटाचा सांगाडा चांगला आणि पाठ गेलेली असेल, तर पाठ लावूच नका: उघडं पुस्तकांचं शेल्फ करा. दारातली फळी गेली आणि चौकट राहिली, तर तिथे जाळी बसवा.

चिरलेली फळी टाकू नका. चिरेवर आडवी डमरूच्या आकाराची पाचर बसवतात. मध्ये निमुळती, दोन्हीकडे रुंद, म्हणजे चीर पुढे जात नाही. पाचर त्याच जातीच्या लाकडाची, आणि तिच्या रेघा चिरेच्या आडव्या.

प्लायच्या फुगलेल्या कडा कापून मधला चांगला भाग ड्रॉवरच्या तळाला, खोक्याला, माळ्यावरच्या फळीला वापरा. वजन पडेल तिथे नको. त्या पोळपाटाला तासून तीन पाय लावले की कुंडीची तिवई होते. लहान तुकड्यांच्या खुंट्या, दाराच्या पाचरी, फोटोच्या चौकटी होतात.

काही गोष्टी अजिबात करू नका. प्लाय, सनमायका, रंगवलेलं लाकूड चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो. आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घरात आणू नका. आमच्याकडची नॅरोगेज २०१५ साली जबलपुरातून गेली, तेव्हापासून त्याची चर्चा इथे कायम असते. स्लीपर टिकाऊ असतात हे खरं, पण टिकावेत म्हणून पुष्कळदा त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरी तेल पाजलेलं असतं. तो वास आला किंवा काळा तेलकट थर दिसला तर बसायला, झोपायला, भाजीच्या वाफ्याला ते लाकूड नको.

ग्वारीघाटावर कधी गेलात तर दुरुस्तीला काढलेली एखादी लाकडी नाव जवळून बघा. नावेचं लाकूड आयुष्यभर पाण्यात असतं. केवट मंडळी तिचा एकेक तक्ता बदलतात, सगळी नाव फेकत नाहीत. एक तक्ता गेला म्हणजे नाव गेली, असं त्यांना वाटत नाही. आपल्याला कपाटाबद्दल मात्र तसंच वाटतं.

यातला सगळ्यात मोठा धडा मला नर्मदेच्याच वरच्या अंगानं दिला. बरगी धरणाचा जलाशय १९९० साली भरला. जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली १६२ गावं त्याच्या बाधित क्षेत्रात आली. त्या भागातून आलेल्या एका कुटुंबाच्या घरी मी गेले होते. घर सिमेंटचं, पण दार जुनं, जाड सरईचं, खालच्या बाजूला पाण्याची काळी रेघ असलेलं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, पाणी उंबऱ्यापर्यंत आल्यावर दार चौकटीसकट काढून आणलं. जमीन आणता येत नव्हती, दार आणता आलं. त्यांनी ती रेघ तासून काढू दिलेली नाही.

घरी आल्यावर मी आमच्या देवघराची चिरलेली झडप माळ्यावरून काढली. मिस्त्रींनी तिला तीन डमरू-पाचरी बसवल्या. सासूबाईंना आधी त्या पाचरी खटकल्या, देवाच्या दाराला ठिगळ म्हणून. मग म्हणाल्या, राहू दे, घर कुठवर बुडलं होतं ते नातवंडांना कळेल. कबाडीला दिलेली कपाटाची दारं मात्र परत मिळाली नाहीत. मी गेले होते शोधायला, पंधरा दिवस उशिरा. त्या जागी आता जाळी आहे.

म्हणून शेवटची एकच विनंती. घरात पाणी येऊन गेलं की माणूस थकलेला असतो, घरातला चिखल आणि वास सहन होत नाही, आणि दाराशी भंगारवाला उभा असतो. त्या दिवशी लाकडाबद्दल काहीही ठरवू नका. पार्टिकल बोर्ड जाऊ द्या, गाद्या जाऊ द्या. अख्खं लाकूड तेवढं धुऊन, पट्ट्यांवर रचून, सावलीत ठेवा आणि दर रविवारी वजन करा. वाळल्यावरही ते नकोसं वाटलं तर भंगारवाला कुठे जात नाही.

पुढच्या भागात सरस आणि शिकंजा वापरून सुटलेली खुर्ची घरच्या घरी कशी जोडायची, ते दाखवते. तोवर नमस्कार.